बाबांची काठी माळ्यावर

दादा, हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. तेवढं तरी कर.

मी देश सोडला त्या सकाळी बाबा धोतर नेसून, काठी घेऊन तयार होते. मला आपल्या पार्सेच्या तिठ्यावर बसपर्यंत पोचवायचं होतं त्यांना. काचबिंदूने दोन्ही डोळे जाऊन वर्ष झालं होतं. तू काठी काढून घेतलीस आणि म्हणालास, "बाबा, तुमी हांगाच बसात. पडतले." आणि मी, त्यांची लाडकी लेक, बॅग उचलून निघाले. बसला उशीर होत होता ना! दारच्या सोप्यावर बसून त्यांनी हात हलवला. मी उजवीकडे गेले होते आणि ते डावीकडे तोंड करून हात हलवत राहिले.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्याची बातमी त्यांना मीच वाचून दाखवली होती. मराठी की कोकणी यावर तुम्ही सगळे तिठ्यावर तासन्‌तास भांडायचात. घरातल्या आंधळ्या माणसाला पेपर वाचून दाखवायला मात्र कुणाला वेळ नव्हता, कुठल्याच भाषेत.

इकडे लिव्हरपूलला नवरा बंदरात लागला. वास्कोला करायचा तेच काम, फक्त थंडीत. शेजारणीने सांगितलं, आंधळ्यांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणारी एक संस्था आहे, पिल्लं वर्षभर घरी वाढवायला माणसं हवीत, हौसेने, फुकट. बसमधून, दुकानांतून फिरवायचं, गर्दीला घाबरू द्यायचं नाही, मग पुढच्या शिक्षणाला परत द्यायचं. मी हो म्हटलं. फोनवर तू पोट धरून हसलास. "आमचीं सुणीं उकिरड्यार, आनी तूं थंय सुण्यांक शाळेंत धाडता?" हस, खुशाल हस.

पहिलं पिल्लू मीच बिघडवलं. आपल्या ताटातलं काही द्यायचं नाही, असा नियम होता. पण आपल्या घरी शेवटचा घास कुत्र्याचा. बाबा तो मुठीत धरून अंगणाच्या कडेपर्यंत जायचे. माझा हात आपोआप जायचा, रोज, माशाच्या हुमण-भातासकट. मग पिल्लू वास येईल तिकडे ओढायला लागलं. तपासायला संस्थेच्या बाई आल्या, तेव्हा एका हॉटेलात त्याने शेजारच्या टेबलाकडे झेप घेतली आणि मी पट्ट्यासकट ओढली गेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या जागी न दिसणारं माणूस असतं, तर पडलं असतं." पिल्लू नापास झालं. कुणीतरी त्याची वाट बघत होतं, त्या माणसाचं बाहेर पडणं माझ्यामुळे लांबलं.

त्या रात्रीपासून मला राग येतोय. आधी माझा, मग तुम्हा सगळ्यांचा. माणसाला चालता यावं म्हणून इथे कुत्र्याला दोन-दोन वर्षं शिकवतात. आपण काय केलं? आपण माणसालाच बसायला शिकवलं.

गेल्या मे महिन्यात आले तेव्हा काठी माळ्यावर होती. कुत्र्याचा घासही आता वहिनीच टाकत होती, बाबा पडतील म्हणून. मी शिडी लावून काठी काढली, जळमटं पुसली, म्हटलं, चला तिठ्यावर. तू दारातून ओरडलास, "पडतले ते!" बाबा म्हणाले, "पडूं दी. उठतलों." मी त्यांना कोपर धरायला दिलं, पण वाट तेच सांगत होते. इथे काजू, पुढे ओहोळ. "बाये, सांबाळ, हांगा पांवडो आसा." तो पांवडा, ती एक पायरी, मी विसरलेच होते. पडले ती मी. बाबा किती वर्षांनी हसले असतील, देव जाणे.

आता आईने कळवलंय, काठी परत माळ्यावर गेली. दादा, याला काळजी म्हणू नकोस. आपल्याला कटकट नको असते. बाहेर निघून गेलेल्यांना तर नकोच असते, आणि मी त्यांच्यातलीच एक. आज माझ्या पायाशी दुसरं पिल्लू झोपलंय. त्याला माझ्या ताटातलं शितसुद्धा मिळत नाही. तुमचं घर कुठलं, असं इथले लोक विचारतात. पार्से म्हणायला जीभ वळत नाही. ज्या घरात माझ्या बापाला अंगणाच्या कडेपर्यंत जाता येत नाही, ते मी माझं कसं म्हणू?

काठी खाली काढ. आणि बाबा, दादा वाचायचा थांबला की उठा.