काशीमावशींची सहावी माळ

दर सोमवारी मी आमच्या गल्लीतल्या चार वयस्क मावशींना माझ्या जुन्या व्हॅनमधून त्र्यंबकेश्वरला नेतो. निवृत्तीनंतर ही सेवा धरली, तेव्हाच महादेवाला शब्द दिला होता की या बायका गाडीत असताना काटा चाळिसापुढे नेणार नाही. तो मी पाळतो याचा, खोटं कशाला बोलू, मला चांगलाच ताठा होता. तरीही एका सोमवारी वासरू आडवं आलं आणि ब्रेक दाबूनही गाडी वेळेत थांबेना. वासरू थोडक्यात वाचलं, पण मागे बसलेल्या एका मावशींचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. काटा चाळिसावरच होता. ब्रेक तपासून घेतले, तेही उत्तम. म्हणजे दोष माझ्या वयाचा, असं मी धरून चाललो. मुलगा म्हणाला, "बाबा, आता गाडी चालवणं सोडा." मी पार खचलो आणि पुढच्या सोमवारी शेवटची फेरी म्हणूनच निघालो.

काशीमावशींना मोतीबिंदूमुळे रस्ता दिसत नाही. त्या वाटभर माळ ओढतात. त्र्यंबकला उतरताना त्यांनी माझा हात धरला. "भाऊ, तुझी गाडी लय पळाया लागली. अंजनेरीच्या गतिरोधकाला गचका बसला की मी माळ धरते. त्र्यंबकच्या कमानीपोत सहा माळा व्हायच्या. दिवाळीपासून पाचवी बी पुरी होत नाय."

हसण्यावारी नेणार होतो, पण दिवाळी म्हटल्यावर चमकलो. दिवाळीतच गाडीचं वेगाचं मीटर बंद पडलं होतं आणि मी भंगारातलं, दुसऱ्याच मॉडेलचं मीटर बसवलं होतं. काटा हलतोय एवढं पाहून खूश झालो होतो. दुसऱ्या दिवशी सूनबाईला घड्याळ देऊन शेजारी बसवलं. काटा चाळिसावर ठेवला, तर किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत नव्वद सेकंद लागायला हवेत. लागले बहात्तर. इतके महिने मी पन्नासने जात होतो आणि देवापुढे मान ताठ करून उभा राहत होतो. फार लाज वाटली.

द्वारका चौकाजवळचा मिस्त्री म्हणाला, "काका, चाळीस दिसलं की पन्नास समजायचं. कशाला उगीच खटाटोप?" मी ऐकलं नाही. देवाला दिलेला शब्द असा मनातल्या मनात बेरीज करून पाळायचा नव्हता. तीन दिवस भंगाराची दुकानं पालथी घातली, कुठे नकार, कुठे भलतंच मीटर. चौथ्या दिवशी माझ्याच मॉडेलचं मिळालं. ते बसवून सूनबाईला घेऊन पुन्हा दगड गाठले. नव्वद सेकंद! मुलाने ते पाहिलं आणि गाडी सोडण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

त्या सोमवारी कमानीपाशी गाडी हळू केली आणि आरशात पाहिलं. काशीमावशींनी माळ डोळ्यांना लावली. "झाली बाई सहावी," त्या पुटपुटल्या. माझे डोळे भरून आले.

देवळात मी नवा शब्द दिला नाही. हात जोडून एवढंच म्हणालो, देवा, मी पुन्हा चुकेन, तेव्हाही असंच कुणाच्या तरी तोंडून सांगत जा, आणि ते ऐकायची बुद्धी दे.