जुन्या पेपरातले भाव

करोनाच्या दिवसांत मनाच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या अंगणातच टेबल मांडलं होतं. पेशंटची खुर्ची सहा फूट लांब, तोंडाला मास्क. त्यामुळे आपलं दुखणं ओरडून सांगायचं आणि ते सगळ्या रांगेनं ऐकायचं. यजमान गेल्यापासून मला जगावंसं वाटत नव्हतं. ते काय ओरडून सांगायचं? दोनदा गेले आणि "झोप येत नाही" एवढंच सांगून गोळ्या घेऊन आले.

तिसऱ्या वेळी माझ्या मागे खडकीचा एक माणूस होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी खुर्चीत बसले तसा त्याने पिशवीतून पेपर काढला आणि मंडईतले भाव मोठ्याने वाचायला लागला.

"अहो, पेपर मागच्या महिन्याचा आहे," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"तुम्हाला कुठे भाजी घ्यायचीय?" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "आजी, तुम्ही बोला. लोक वाईट नसतात, पण कान मिटता येत नाहीत."

मी सगळं बोलले.

मग त्याचा नंबर आला. तो खुर्चीत नुसताच गप्प बसला. त्याच्यासाठी वाचणारं कुणी नव्हतं. मी चौथी शिकलेली, जोडाक्षराला अडखळते. तरी त्याच्या हातातला पेपर ओढून घेतला आणि रांगेकडे तोंड करून वाचायला लागले. तो काय सांगत होता ते मला ऐकू आलं नाही. कोथिंबिरीचा भाव तीनदा वाचला, तेव्हा कुठे त्याचं बोलून झालं.