दरडीवरचा फिरता दोर

नवरा गेल्यावर महिनाही उलटला नव्हता, तोच थोरल्या दिरांनी आमच्या केळीच्या मळ्याची गाडवाट बंद केली. यावलकडच्या नदीकाठी त्यांचा आणि आमचा असे दोन्ही मळे दरडीच्या खाली होते. गाव वर. गाडी चढेल असा उतार एकच, आणि तो त्यांच्या शेतातून जाणारा. त्यावर त्यांनी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या आणि गड्याकरवी निरोप धाडला, "तिले म्हना, मळा माह्या नावानं करून दे. एकट्या बाईले काह्याले पाहिजे केळी?"

घड डोक्यावर घेऊन ती दरड चढायला मजूर तयार होईनात. एक बाई चढली, घसरून पडली आणि पाय मोडून घेऊन घरी बसली. माझे घड झाडावरच पिकले. संध्याकाळी त्यांच्यावर वटवाघळं पडायची आणि थोरले दीर दरडीच्या काठावरच्या आपल्या ओट्यावर बसून ते बघायचे. त्यांचं ते बघणं मी डोक्यात ठेवलं.

भुसावळहून माझे मामा आले. रेल्वेच्या कारखान्यात त्यांची हयात गेली होती. मी म्हणाले, "मामा, मले केळी वर काढायची आहेच. पन ती निंघतांना या मानसानं रोज पाहिली पाहिजे."

मामांनी दरडीवरून खाली बघितलं. मग म्हणाले, "गाडी नको. फिरता दोर लावू."

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी एका गोऱ्या साहेबानं त्यांना सांगितलं होतं, की त्यांच्याकडे बर्फाच्या टेकड्या असतात, तिथे लोक पायाला फळ्या बांधतात आणि इंजिनावर फिरणारा दोर हातात धरून वर जातात. दोर वर ओढतो, फळ्या घसरत जातात. नकोसं झालं की दोर सोडून द्यायचा. मला ते खोटं वाटलं होतं. पण आमच्या चिकणमातीवर पाणी मारलं की पाय बर्फावर घसरावेत तसेच घसरतात, असं मामा म्हणाले, आणि आम्ही कामाला लागलो.

नवऱ्यानं विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं, त्यामुळे मोटेचे नाडे, म्हणजे जाड दोर, आणि चाकं गोठ्यात पडून होती. आम्ही ते इंजिन दरडीच्या वर आणलं आणि दरड खोदून तिची तिरपी घसरण केली. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून दोराची मोठी माळ, जिला टोक नाही. पहिल्यांदा मी नाड्याला गाठ मारली, ती चाकात अडकली. मामांनी गाठ सोडली, दोन्ही टोकांचे पीळ उकलले आणि वेणीसारखे एकमेकांत विणले. मग दोर वरच्या चाकावर नुसता सरकू लागला. चाक फिरे, दोर जागचा हलेना. तेव्हा त्याला चाकाभोवती आणखी एक वेढा दिला. खालचं चाक त्यांनी जमिनीत रोवलं नाही. सरकत्या चौकटीवर बसवून चौकटीला मागून दगड टांगला, म्हणजे दोर कितीही वाढला तरी ताठ राहणार.

तरी पहिल्या खेपेला दोर इतक्या जोरात धावला की माझे दोन घड थोरल्या दिरांच्या कुडावर जाऊन फुटले. ते मोठ्यानं हसले. मामांनी इंजिनाला लहान चाक लावून पट्ट्यानं वरच्या चाकाच्या आसावर बसवलेलं बैलगाडीचं मोठं चाक फिरवलं, आणि दोर माणसाच्या चालीनं चालू लागला.

लाकडाच्या घसरत्या पाट्यावर दोन घड ठेवायचे, पाट्याची दोरी कमरेला बांधायची आणि दोर धरून पाय टाकत वर यायचं. धरण्यात मात्र मेख होती. दोर एकदम आवळायचा नाही. आधी तळहातातून सरकू द्यायचा, मग हळूहळू पकड घट्ट करायची. त्यासाठी मी जुन्या मोटेचं चामडं कापून प्रत्येक मजूर बाईच्या हाताला बांधत असे. इंजिन मुद्दाम थोरल्या दिरांच्या ओट्यासमोर ठेवलं होतं. दिवसभर ते त्यांच्या कानाशी ठोके देई.

श्रावणात नदीला पूर आला आणि त्यांचा उतार वाहून गेला. त्यांचे शेकडो घड खाली अडकले. दोन दिवस त्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी दरडीवर येऊन मामांशी दोराचं बोलू लागले. मी तोंडावरचा पदर सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा दिरांशी समोरून बोलले.

"नाना, दोर तुमचाच समजा. पन तुमचे घड तुम्हीच आनायचे. गडी नाही."

"मी?"

"नाही तं राहू द्या. वटवाघळं आहेच."

काठावर गाव जमलं होतं. थोरले दीर खाली उतरले, कमरेला दोरी बांधली आणि उघड्या हातांनी दोर गच्च आवळला. नाडा हातातून सर्रकन गेला. ते ओरडले, पण लोक बघत होते म्हणून सोडला नाही. वर आले तेव्हा तळहात लाल झाले होते. चामड्याचे तुकडे माझ्या ओच्यात होते.

"अजून घड आहेत, नाना."

ते पुन्हा उतरले. पुढच्या खेपेला दोरावर रक्त लागून आलं. मामा इंजिनाकडे सरकले. "पुरे कर, पोरी."

"एक खेप अजून," मी म्हणाले. ती खेप पुरी झाली, मगच इंजिन थांबवलं. त्यांचे बाकीचे घड दुसऱ्या दिवसापासून माझ्या बायांनी काढले, हाताला चामडं बांधून.

पितृपक्षात नवऱ्याचं श्राद्ध होतं. मला मूल नव्हतं, म्हणून पाणी देणं थोरल्या भावाकडेच आलं. ते पाटावर बसले. तळहातांवरची कातडी अजून धरली नव्हती. भटजींनी हातावर तीळ ठेवले आणि पाणी सोडायला सांगितलं. पाणी जखमेवरून गेलं तेव्हा त्यांनी हात आखडला, मग पुन्हा पुढे केला. भटजींनी विचारलं, "आणखी एकदा?" मी म्हणाले, "विधीत असेल तितक्यांदा." त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मीही बघत राहिले; आधी खाली बघायची पाळी माझी असायची.

पानं वाढली. नवरा गेल्यापासून मला अन्नाची चव नव्हती. त्या दिवशी मी खीर दोनदा मागून घेतली.