शालूचे गुडघे बघायला बोरिवलीला

घाटकोपरच्या आमच्या चाळीतून सकाळी नऊला निघाले. पावसानं उघडीप दिली होती. पिशवीत कुळथाचं पीठ, दोन नारळ आणि छत्री. जायचं होतं बोरिवलीला, माझी धाकटी बहीण शालू हिच्याकडे. गावाला सगळे मला विचारतात, शालू यंदा चतुर्थीला येणार का. फोनवर ती "येतंय गो, येतंय" म्हणते. फोनवर माणसाचे पाय दिसत नाहीत. गणपतीच्या गाडीची तिकिटं दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होती आणि घटकेत संपणार होती. एक काढायचं की दोन, ते त्याआधी ठरवायला हवं होतं. म्हणून स्वतः गेले. काय पाहिलं ते गाववाल्यांसाठी लिहिते.

गावचं घर कसं आहे ते तुम्ही जाणताच. अंगणातून पडवीत चढायला पाच पायऱ्या, त्यांना कठडा नाही. जेवायला जमिनीवर. न्हाणी मागच्या उतारावर. तीन वर्षं शालू आलेली नाही.

घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरीकडे जायचं, हायवेजवळ उतरायचं, पूल ओलांडून दुसरी मेट्रो धरायची आणि मागाठाण्याला उतरायचं. सरकत्या जिन्यावर पाय कधी टाकावा ते मला कळत नाही, म्हणून मी साधा जिना धरला. तिथं पहाऱ्यावर एक बाई होती.

"आजी, लिफ्ट तिकडे आहे ना."

"असू दे."

"अर्ध्यात बसाल, मग मलाच धावायला लागेल."

मधल्या टप्प्यावर खरंच बसले. छाती भात्यासारखी चालली होती. ती खाली आली.

"बोलले ना मी तुम्हाला?"

"बोललीस. आता पाणी दे."

तिनं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि मी उठेपर्यंत तिथंच उभी राहिली. मला शहात्तर वर्षं झाली. मी शहाणी आहे म्हणून जिने चढते असं कोणी समजू नये. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला आणि पाणी सकाळी तासभर. चढले नाही तर घर नाही, म्हणून चढते.

दुसरी मेट्रो हायवेच्या डोक्यावरून जाते. जोगेश्वरी आली तेव्हा खिडकीतून खाली बघितलं. इथल्या टेकाडावरच्या चाळीत शालूनं तीस वर्षं संसार केला. खालच्या नळावरून डोक्यावर एक हंडा, कमरेवर कळशी घेऊन ती चढाव चढायची. तेव्हा मी रिकाम्या हातानं तिच्या मागून धापा टाकत जायची आणि ती वरून हसायची. आता ते टेकाड कुठलं ते ओळखू येईना. सगळीकडे उंच इमारती. पुढं उजव्या हाताला जंगलाचे डोंगर हिरवेगार दिसले. एका पोरीनं मला जागा दिली ती मुकाट्यानं घेतली.

शालू चौदाव्या मजल्यावर राहते. मुलगा बोटीवर असतो, सहा-सहा महिने. घरात ती आणि सून प्राजक्ता. प्राजक्ता ऑफिसात जाते. पोरगी चांगली आहे, खोटं बोलणार नाही. लग्न होऊन आल्या दिवसापासून एकच म्हणते, "आई, तुम्ही बसा." केर काढायला बाई, स्वयंपाकाला बाई, चहा पुढ्यात, पाण्याचा तांब्या उशाशी. आपल्याकडे सासूनं काडी उचलली नाही की लोक म्हणतात नशीब काढलं. मीसुद्धा गावात तसंच सांगितलं होतं. शालू आठ वर्षं बसली आहे.

दार उघडायला तिला इतका वेळ लागला की मी तीनदा घंटी वाजवली.

"मेलंस काय गो?" मी दाराबाहेरूनच ओरडले.

"मरूक पण उठूक लागता," ती आतून म्हणाली. (मरायलासुद्धा उठावं लागतं.)

दोन्ही हातांनी भिंत धरत आली. अंगानं भरली आहे, पाय मात्र काठ्यांसारखे झालेत. डॉक्टर म्हणाले, गुडघे थोडे झिजलेत, पण त्याहून मांड्यांतली ताकद गेली आहे. न वापरल्यामुळे गेली. ते तिनंच सांगितलं, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं.

प्राजक्ता ऑफिसात, कामाच्या बाया कामं आटपून गेलेल्या. दुपारी सोलकढी करू म्हटलं. नारळ खवायला आडाळो (विळी) हवा. तो ओट्याखाली सगळ्यात मागं, कागदात गुंडाळलेला सापडला. त्या घरात नारळ खवलेला पुडीतून येतो.

"दी हंय," शालू म्हणाली. "मी खंवतंय." (दे इकडे. मी खवते.)

"खुर्चीवर बस, मी खवते."

"खुर्चीर बसान कोण खंवता? तू माका बघूक इलंस मां? मग बघ." (खुर्चीवर बसून कोण खवतं? तू मला बघायला आलीस ना?)

ती मला दाखवायला निघाली होती, आणि मी थांबवलं नाही. ही माझी चूक. ओट्याची कड धरून ती वाकली आणि शेवटची वीतभर धपकन खाली पडल्यासारखी बसली. पण बसली. अर्धा नारळ खवला, भरभर, पूर्वीसारखा. खोबऱ्याचा ढीग बघून दोघी खूश झालो. मग ती उठायला गेली.

उठता येईना. हात टेकला, सरकली, पुन्हा बसली. मी काखेत हात घालून ओढलं तर मीच तिच्या शेजारी आपटले. दोघी हसलो. मग तिचं हसू थांबलं.

"माका उठूक येना नाय, आक्का."

"प्राजक्ताला फोन करते."

"नको! तिका कळला तर चतुर्थीचा नावच नको."

मी रोज सकाळी सतरंजीवरून कशी उठते ते मला आधी स्वतःलाच आठवून बघावं लागलं. रोजचं काम हात-पाय आपोआप करतात, सांगायला गेलं की अडतं. मग सांगितलं. कुशीवर वळ. हात टेकून गुडघ्यांवर ये. आता स्टूल धर. एक पाऊल पुढं टेकव, घाई नको. पहिल्या खेपेला ती गुडघ्यांवर आली आणि रडायला लागली. दुसऱ्या खेपेला पाऊल टेकेना. मधे दोघी फरशीवरच पडून राहिलो, पंख्याकडे बघत. तिसऱ्या खेपेला उठली. तोवर दुपार टळली होती. सोलकढी झालीच नाही. पाव खाल्ला.

प्राजक्ता सहाला आली. खवलेलं खोबरं बघून तिनं विचारलं, आणि शालूनं लपवायचं सोडून सगळं सांगून टाकलं. पोरगी पांढरी पडली.

"मावशी, तुम्ही निघून जाल," ती मला म्हणाली. "उद्या त्या पडल्या तर घरात मी एकटी. मी काय हौसेनं बसवते का त्यांना?"

तिचं म्हणणं खरं होतं. मी एवढंच म्हटलं, "तुझ्यासमोर उठव. तू घरी आल्यावर."

"आणि मी नसताना?"

"तू नसताना नाय बसणार," शालू म्हणाली. "गणपतीची शपथ."

"मागच्या महिन्यात गोड खाणार नाही अशी पण गणपतीचीच शपथ होती, आई."

प्राजक्तानं खोबरं डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलं. मग म्हणाली, "रोज संध्याकाळी. माझ्यासमोर, पलंगाला धरून. गावचं नंतर बघू." हो म्हणाली नाही, पण नाही पण म्हणाली नाही.

येताना मागाठाण्याला लिफ्टनं वर गेले. पुलाजवळही लिफ्टच. लाज कसली. घरी मात्र तीन मजले होतेच. पहिल्यावर थांबले, दुसऱ्यावर दोनदा थांबले. गेल्या वर्षी एकदाच थांबत होते. शालूला उठवताना कंबरेत काहीतरी हललं होतं, ते अजून दुखतं आहे. आज मी तिच्या पुढं आहे, पण जोगेश्वरीच्या चढावावर ती माझ्या पुढं असायची तेवढीही नाही, आणि हे अंतर मिटायला फार दिवस लागत नाहीत. एखादं मोडलेलं हाड पुरे.

सकाळी शेजारच्या सुनंदाला म्हटलं, दोन काढ. मिळाली. त्यानंतर शालूचा रोज फोन येतो. काल पलंगाला धरून चारदा खाली बसली आणि चारदा उठली. परवा एकदाही नाही, गुडघा सुजला होता. चतुर्थीपर्यंत काय होईल ते मला सांगता येत नाही. तिकीट आहे एवढंच सांगते.

आली, तर माझी तुम्हाला एक विनंती आहे. पायऱ्यांना बांबूचा कठडा बांधा. आणि ती आल्यावर घरातल्या कोणत्याही सुनेनं तिला "तुम्ही बसा" म्हणायचं नाही. भाजी निवडायला द्या, फुलं आणायला पाठवा, विहिरीपर्यंत सोबत न्या. ती कुरकुर करील, मला शिव्या देईल. देऊ दे.