आधी थोरल्यांचा घास

अमेरिकेत येऊन काय मिळालं, असं कोणी विचारलं की लोक रस्ते सांगतात, शाळा सांगतात, स्वच्छ हवा सांगतात. मी सांगते, इथे मला कोणी ‘तू लहान आहेस, गप्प बस’ म्हणत नाही. नाशिकच्या सासरी मी धाकटी सून. भाजीत मीठ कमी आहे हे मला कळायचं, पण बोलायची पाळी माझ्यापर्यंत यायची तेव्हा सगळ्यांची जेवणं होऊन ताक वाढून झालेलं असायचं. इथे ओहायोतल्या डब्लिनमध्ये मी वडिलांच्या वयाच्या साहेबाला नावाने हाक मारते आणि वर ‘आय डिसअग्री’ असंही म्हणते. सासूबाई अधूनमधून उन्हाळ्यात येतात तेवढे दिवस मी पुन्हा लहान होते. त्यांना विमानतळावर सोडून परत निघाले की घरी पोचेपर्यंत मोठी झालेली असते.

असं सगळं छान चाललं होतं. मग माझ्या मुलाला एक मुलगी आवडली.

मुलगी कोरियन. जन्म कोलंबसचा, काम हॉस्पिटलच्या फार्मसीत. मला ती हवीच होती, अगदी उघड सांगते. मधली दोन वर्षं माझा मुलगा आमच्याशी ‘या’, ‘नो’ आणि ‘फाइन’ या तीन शब्दांत बोलत होता. ती आल्यापासून तो आमच्या किचनमध्ये उभा राहून शिट्टी वाजवायला लागला, भांडीही घासायला लागला. भांडी घासताना शिट्टी वाजवणारा मुलगा ज्या आईने पाहिला, ती सुनेची जातपात, देश आणि भाषा विचारत नाही. मी तर काजूकतलीचा डबा आणून तयार ठेवला होता. म्हटलं, या रविवारी त्यांच्याकडे जाऊन बोलून टाकू.

“आई, थांब,” मुलगा म्हणाला. “तिची आजी म्हणते, फर्स्ट दे वॉन्ट टु मीट अवर एल्डेस्ट.”

“मग मी येतेच आहे की.”

“तू नाही. आजी.”

“अरे, मी आई आहे तुझी!”

“आय नो. पण घरातलं सगळ्यात मोठं माणूस आधी. इट्स अ कन्फ्यूशियस थिंग, आई. मोठ्यांचा मान, सगळं ऑर्डरमध्ये. त्यांच्या घरी हल्मोनी म्हणेल तसं होतं.” हल्मोनी म्हणजे त्यांच्या भाषेत आजी.

माझा असा संताप झाला म्हणता! सासूबाईंच्या मोठेपणापासून लांब म्हणून सात समुद्र ओलांडले, तर इकडे अख्खी एक संस्कृती त्यांच्या बाजूने उभी. पण करता काय? नाशिकला फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“कोण म्हणालास हा?” त्यांनी नातवाला विचारलं.

“कन्फ्यूशियस. चायनातला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा. कोरियात, जपानमध्ये अजून लोक त्याचं मानतात.”

“शहाणा माणूस. तुझ्या आईला कळलं का तो काय म्हणतो ते?”

व्हिसा होताच. सासूबाई जूनमध्ये दाखल झाल्या. लग्नाबद्दल मात्र चकार शब्द नाही. “मुलगी बघते, घर बघते, मग बोलते,” एवढंच. मुलाचे पहिले पाच-सहा उन्हाळे त्यांच्याच मांडीवर गेलेले. मला एकटीला गाठून तो म्हणाला, “आई, आजी नाही म्हणाली तरी मी लग्न करीनच. बट आय वोन्ट बी हॅपी अबाउट इट.” त्या वाक्यानंतर माझी झोप गेली ती गेलीच.

जेवण शनिवारी दुपारचं ठरलं. मी कॅलेंडर पाहिलं होतं हो, उगाच मला दोष देऊ नका. नाशिकहून आणलेल्या कॅलेंडरात एकादशी रविवारी होती. शनिवारी सकाळी देवळातल्या काकांचा मेसेज आला, की तिथी इथल्या सूर्योदयाला धरायची, सबब अमेरिकेत एकादशी आजच.

“सासूबाई, आपल्या कॅलेंडरात उद्या आहे,” मी म्हटलं.

“सूर्य इथला, तर एकादशी नाशिकची कशी?” भर विमानात एकादशी धरलेली बाई ती, ऐकते कसली. मी निमूट साबुदाण्याची खिचडी केली. अकरा वाजता दोनदा घेऊन, वर वाटीभर दही खाऊन, त्या तृप्त चेहऱ्याने गाडीत बसल्या. बाकी आम्ही तिघांनी मेजवानी आहे म्हणून सकाळपासून फक्त चहा घेतला होता.

दारातच गंमत सुरू झाली. ती मंडळी कमरेत वाकून नमस्कार करतात. सासूबाईंना वाटलं, पाया पडताहेत. त्यांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायला सुरुवात केली. मुलीचे वडील खरं तर त्यांच्यापुढे सपाता ठेवायला वाकले होते. त्यांनाही ‘आयुष्मान भव’ मिळालं. ते बिचारे सपाता हातात धरून आशीर्वाद संपेपर्यंत तसेच वाकून राहिले.

आत बसल्यावर हल्मोनीने पहिला प्रश्न काय विचारला? वय. अमेरिकेत कोणी कोणाला वय विचारत नाही, मला तर चारचौघांत विचारलेलं मुळीच खपत नाही. पण मुलीने हसत समजावलं की कोण मोठं हे कळल्याशिवाय कोणाशी कसं बोलायचं तेच त्यांना ठरवता येत नाही. हल्मोनी कोरियनमध्ये बोलायची, मुलगी तिचं इंग्रजी करायची, माझा मुलगा त्याचं मराठी करायचा आणि उत्तर त्याच वाटेने परत जायचं.

सासूबाईंनी पासपोर्टावरचं वय सांगितलं आणि लगेच ते खोटं असल्याचंही सांगितलं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांचीच तारीख एक जून टाकली होती, प्रत्यक्षात त्या एका वर्षाने मोठ्या. हल्मोनीने यावर स्वतःचं वय एकाने वाढवलं. त्यांच्याकडे पूर्वी मूल जन्मतःच एक वर्षाचं धरायचे म्हणे.

“पोटातले दिवस धरायचे असतील तर मीही धरते,” सासूबाई म्हणाल्या.

बोली लागली होती नुसती. मुलीचे वडील फोनवर कॅल्क्युलेटर काढून बसले. शेवटी दोघींचं जन्मसाल एकच निघालं. पण सासूबाई अक्षय्यतृतीयेच्या आणि हल्मोनी पानगळीतली. हल्मोनी उठली, पुन्हा एकदा खोल वाकली आणि तिने स्वतःची टेबलाच्या टोकाची खुर्ची सासूबाईंना दिली. सासूबाई बिनविरोध निवडून आल्यासारख्या तिथे बसल्या.

आता टेबलाचं काय सांगू! मुलीच्या आईने दोन दिवस खपून सगळं शाकाहारी केलं होतं. मशरूम घातलेल्या काचेसारख्या शेवया, कांद्याच्या पातीची धिरडी, पालक, मोड आलेलं कडधान्य, मासळी न घालता मुद्दाम वेगळी केलेली किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, आणि वाफाळता भात. माझ्या नवऱ्याच्या पोटातून आवाज आला तो मला पलीकडच्या खुर्चीवर ऐकू आला.

हल्मोनीने दोन्ही हात पुढे करून सासूबाईंना म्हटलं, घ्या.

सासूबाईंनी हात जोडले. “माझी एकादशी आहे. तुम्ही जेवा.”

भाषांतर तिकडे गेलं. मुलीच्या आईचा चेहरा पडला. कोणीही हललं नाही. मग हल्मोनीचं उत्तर इकडे आलं. घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीने चमचा उचलल्याशिवाय आम्ही कसा उचलणार?

“त्यांना सांग, भरल्या पानावर माझ्यामुळे कोणी उपाशी बसलं तर मला पाप लागेल.”

“शी सेज, तुम्हाला पाप लागेल तर तिला लाज वाटेल.”

“मग सांग, माझी आज्ञा आहे, जेवा.”

“शी सेज, एवढी एकच आज्ञा ती पाळू शकत नाही.”

भाताची वाफ बघता बघता निवायला लागली. दोन म्हाताऱ्या टेबलाच्या दोन टोकांना अतिशय अदबीने एकमेकींना उपाशी मारत होत्या. त्यातली एक मुळात उपाशी नव्हतीच, पोटभर खिचडी खाऊन आलेली होती, हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक आणि ते सांगायची सोय नव्हती. नवऱ्याने धीर करून सुचवलं, “कॅन वी मेबी डू द एज अगेन?” हल्मोनीला मोठी ठरवली की झालं, तिने चमचा उचलावा. सासूबाई कडाडल्या, “वय ही काय घासाघीस करायची गोष्ट आहे?” हल्मोनीनेही मान हलवली. एकदा मोठ्या म्हटलेल्यांना ती पुन्हा लहान करणार नव्हती.

तेवढ्यात सासूबाई माझ्याकडे झुकून मराठीत पुटपुटल्या, “काय हट्टी माणसं आहेत गं! अशा घरातली मुलगी आणायची म्हणजे...”

हट्टाबद्दल कोण बोलतंय बघा! पण मला हसायला सुचलं नाही, कारण ते मुलानेही ऐकलं होतं. मुलीने त्याला विचारलं, काय म्हणाल्या? तो ‘नथिंग’ म्हणाला. मधल्या दोन वर्षांत ज्या आवाजात ‘फाइन’ म्हणायचा, अगदी त्याच आवाजात. तिथे बसवेना म्हणून पाण्याच्या निमित्ताने मी उठले आणि किचनमध्ये गेले.

आत एक ओळखीचा वास होता. परक्या घरात आपल्या घरचा वास आला की माणूस आधी स्वतःचाच पदर हुंगतो, तसं माझं झालं. ओट्यावरच्या एअर फ्रायरमधून येत होता. मी सरळ खण ओढला. आत तीन रताळी. लाल साल, टोकाला करपलेली, फुटून चिकट पाक बाहेर आलेली.

मुलगी माझ्यामागे आली होती. “ओह, दॅट्स जस्ट गोगुमा. हल्मोनीज स्नॅक. रोज दुपारी खाते ती.”

“यात काय घातलंय? मीठ? तेल?”

“नथिंग. जस्ट रोस्टेड.”

मी तिला तिथेच मिठी मारली. बशीत रताळी घेऊन बाहेर आले तर हल्मोनी ताडकन उठली. तिने बशी माझ्या हातातून घेतली, पाठीमागे लपवली आणि नातीवर असा काही तोंडाचा पट्टा सोडला की कोरियन न येताही मला सगळं समजलं. मुलगी लाल होऊन भाषांतर करू लागली. हल्मोनी लहान असताना घरात तांदूळ नसायचा. महिनेच्या महिने सगळी भावंडं यावरच काढायची. तिला अजूनही ते आवडतं, पण ते गरिबाचं खाणं. मानाच्या पाहुण्याच्या पानात ते ठेवणं म्हणजे पाहुण्याचा अपमान.

मुलाने ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी हात पुढे केला.

“त्यांना सांग, आमच्याकडे हे देवाच्या दिवशी खातात. आज मला याहून मोठा मान कोणी देऊ शकत नाही. आण इकडे. आणि भाजलेल्याला कसला दोष नसतो.”

भाषांतर पोचलं. हल्मोनीने पाठीमागची बशी पुढे आणली आणि टेबलावर ठेवली. ती रडत होती का ते मला नीट दिसलं नाही, कारण मला स्वतःलाच नीट दिसत नव्हतं.

आता कोणाला वाटेल, सुटलो. पण सासूबाईंना रताळं सोलताना तुम्ही पाहिलेलं नाही. त्या साल फाडत नाहीत, उलगडतात. एकेक दोरा काढून बशीच्या कडेला लावतात. त्यातून कवळी नवीन. सात माणसं श्वास धरून त्यांच्या बोटांकडे बघत होती. माझा नवरा तर त्यांच्या प्रत्येक हालचालीबरोबर स्वतःचा जबडा हलवत होता. अखेर त्यांनी चमचा घेतला, रताळ्यात खुपसला, घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि मान डोलावली.

त्यानंतर पाच मिनिटं कोणी कोणत्याही भाषेत बोललं नाही. मुलीच्या वडिलांनी आणि माझ्या नवऱ्याने एकाच धिरड्यावर झडप घातली आणि दोघांनी दोन्हीकडून ओढून ते बरोबर अर्धं केलं.

मुलगी मात्र उभीच होती. सगळ्यांत धाकटी ना! कोणाला पाणी दे, कोणाला भात दे, असं तिचं चाललं होतं. तिचा बाऊल कोराच होता आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, माझंही नाही. ती सासूबाईंच्या पेल्यात पाणी ओतायला वाकली, तेवढ्यात तिच्या पोटातून मोठ्ठा आवाज आला.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला.

“हिला कोणी जेवायला सांगितलं की नाही?” त्या माझ्यावर ओरडल्या, जणू ते माझंच घर. मग त्यांनी त्या मुलीचं मनगट धरलं आणि तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं. “बस इथे. मोठ्यांनी खाल्लंय, आता मुकाट्याने खा. माझी नातसून माझ्यासमोर उपाशी उभी राहिलेली मला चालायची नाही.”

आणि पुन्हा रताळं सोलायला लागल्या.

“व्हॉट डिड शी से?” मुलीने माझ्या मुलाला विचारलं. त्याच्या तोंडात भाताचा मोठा घास होता. तो चावेना, गिळेना, बोलेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मुलीच्या वडिलांना वाटलं, किमची तिखट लागली. ते लगबगीने उठले आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. मुलगी अजून माझ्याकडे बघत होती, म्हणून मग मीच तिला सांगितलं. तिने ते हल्मोनीला सांगितलं आणि हल्मोनीने माझ्या मुलाच्या बाऊलमध्ये आणखी भात वाढला.