पाहुणा लंगडत आला

मुलगी पाहायला अकोल्याला जायचं होतं आणि माझा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता. खरं तर मुलगी मी आधीच पाहिली होती, परतवाड्याला मित्राच्या साखरपुड्यात. बायकांच्या पंगतीला केटरर म्हणाला, जिलबी संपली. तिनं सरळ त्याच्यामागच्या पातेल्याचं झाकण उघडून सगळ्यांना जिलबी दाखवली. तेव्हापासून मला दुसरी कोणी नकोच होती. घरी हे सांगायची सोय नव्हती, म्हणून मध्यस्थाला गाठून रीतसर स्थळ आणवलं.

ठरलेली पहिली तारीख माझ्या पोटानं घालवली. अमरावतीत गिला वडा, म्हणजे आमच्याकडचा भिजवलेला दहीवडा, कुठं खायचा याचे माझे नियम आहेत. ते मोडून भलत्याच गाडीवर खाल्ला, वरून दही मागून घेतलं, आणि चार दिवस संडासातच मुक्काम ठोकला. बरा झालो. वीसेक दिवसांनी गुडघा सुजला, घोटा सुजला, डोळे लालभडक झाले. डॉक्टर म्हणाले, पोटातले जंतू केव्हाच गेले, पण त्यांच्याशी लढायला उठलेलं शरीर आता सांध्यांवर आणि डोळ्यांवर राग काढतंय. औषध घ्या, उतरायला काही महिने लागतील. म्हणजे माझं शरीर आमच्या काकांवर गेलं होतं; भांडण एकाशी अन् शिव्या दुसऱ्याला.

आईनं बजावलं, पुन्हा तारीख बदलली तर ते लोक दुसरं स्थळ पाहतील. जायचं, हळू चालायचं, अन् जुलाबाचं नाव काढायचं नाही.

गेलो. भर दुपारी, भिंत धरत, लाल डोळ्यांनी त्यांच्या बैठकीत शिरलो. मुलीचे मामा उठले आणि मला कडकडून मिठी मारली. काय प्रेमळ माणूस आहे, असं मनात आलं. तेवढ्यात त्यांनी माझ्या तोंडाजवळ नाक नेऊन लांब श्वास घेतला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वास आला नाही, तरी त्यांची नजर काही निवळली नाही.

ती पोहे घेऊन आली, समोर बसली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "पिता काय?"

नाही म्हटलं, गुडघा सुजलाय. मग डोळे? म्हटलं, तेही त्यातलंच.

"पन झालं कशानं?"

आई माझ्याकडे डोळे वटारून पाहत होती. आता बेवडा ठरायचं, नाही तर इज्जत घालवायची. मी सगळं सांगून टाकलं. गाडी, दही, चार दिवस, काही म्हणजे काही सोडलं नाही. सगळ्यांचे चमचे थांबले. मामांनी बशी खाली ठेवली. ती उठून आत गेली, मामा तिच्या मागोमाग. संपलं, म्हटलं. मला अगदी रडू यायला लागलं.

आत मामा कुरकुरत होते, असं कोणी चारचौघांत बोलते काय म्हणून. मग तिचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"मामा, जो मानूस पोहे खाता खाता जुलाबाची गोष्ट सांगते, तो माह्यापासून काय लपवनार हाये?"

लग्नापर्यंत सूज उतरली, डोळे निवळले. सप्तपदीला मी सरळ चाललो आणि मामांनी ते वाकून वाकून पाहिलं. गिला वडा आम्ही अजूनही खातो. फक्त आधी ती दह्याच्या पातेल्यावरचं झाकण उघडून पाहते.