काठावरचा पेशंट

आमच्या घरात एकच माणूस आजारी होता, आणि तोही पुरता नव्हता.

एकोणीसशे सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमच्या ह्यांनी पन्नाशीत पाऊल टाकलं आणि डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "साखर काठावर आहे, रक्तातली चरबीही काठावर आहे. गोळ्या नकोत, जेवण सांभाळा." हे सांगितलं ह्यांना, पण मी ते सरकारी हुकमासारखं अंगावर घेतलं! (लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी माझ्या हाती कसलीच सत्ता आली नव्हती. ती अशी आली.)

आम्ही जैन, त्यामुळे मटण तोडायचा प्रश्नच नव्हता. माझ्या तावडीत तूपच सापडलं! तूप गेलं, लोणी गेलं, चहातली साखर गेली. पुरणपोळीच्या दिवशी ह्यांच्या ताटात मी ज्वारीची भाकरी वाढली, तेव्हा सासूबाईंना राहवलं नाही. "अगं, आजारी हाय का कैदी हाय त्यो? कळंब्याच्या तुरुंगात तरी सणाला गोड देत असतील!"

आता ह्यांची नोकरी ऐका. गुळाच्या बाजारात एका अडत्याकडे गुळाची पारख करायची! ढेप फोडायची, खडा जिभेवर ठेवायचा आणि सांगायचं, हा गूळ कुठल्या गावचा, कुठल्या पाण्याचा. त्या माणसानं जिभेला कुलूप घातलं. गूळ बोटांत चुरडायचे आणि नुसता हुंगायचे. "माझी पारख आता नाकावर आलीय," म्हणायचे. (हे नाक पुढं मलाच नडणार होतं.)

दर रविवारी सकाळी तपासणी व्हायची. डॉक्टरांनी एक निळं औषध आणि काचेची नळी दिली होती. नळीत औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत होत विटेसारखं लाल झालं तर कल्याण! हा कारखाना मागच्या पडवीत चालायचा. हे पाटावर बसून नळीकडे असे बघायचे, की जणू मॅट्रिकचा निकाल त्यातनंच बाहेर पडणार आहे.

त्याला कारणही तसंच होतं. शिरोळला माझ्या धाकट्या भावाचं, अण्णाचं गुऱ्हाळ होतं. दरवर्षी हंगामाच्या शेवटच्या दिवशी हे तिथं जायचे, रस उकळणाऱ्या काहिलीशेजारी बसायचे आणि गूळ व्हायच्या जरा आधीची ती पातळ, गरम काकवी वाटीभर प्यायचे. वर्षभर दुसऱ्यांचा गूळ चाखणाऱ्या माणसाची स्वतःची म्हणून ती एवढी एकच वाटी! डॉक्टर म्हणाले होते, "आठ रविवार नळी निळी राहिली तर एक वाटी माफ." ह्यांनी कॅलेंडरवर निळ्या पेन्सिलीनं टिकल्या काढायला घेतल्या. बघता बघता सात टिकल्या झाल्या.

आणि मी? अण्णानं मधेच ओळखीच्या एस.टी. कंडक्टरबरोबर काकवीची बाटली धाडली होती. घरात पेशंट, म्हणून मी ती तांदळाच्या डब्यामागं लपवली. हे कामावर गेले की भाकरी कुस्करायची आणि वरून धार सोडायची. (पेशंटच्या नजरेला पडू नये, तर ती कुणीतरी संपवायला नको?)

आठवा रविवार उजाडला. तोच हंगामाचा शेवटचा दिवस. अण्णा जीप घेऊन यायच्या बेतात, आणि नेमकी लघवीच्या नमुन्याची बाटली माझ्या हातनं फुटली! मी घाईघाईनं आदल्या दिवशी संपवलेली ती बाटली दोनदा खळबळली आणि ह्यांच्या हातात दिली.

नळी तापली. निळ्याचं हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं झालं. आणि मग अशी लालभडक वीट भाजून निघाली, की वीटभट्टीवाल्यानंही मान डोलवावी!

"काय खाल्लंत?"

"काही नाही."

"बाजारात जीभ लावलीत!"

"शपथ घेतो. खडा नाही, कण नाही."

"मग ही वीट काय आभाळातनं पडली?"

सासूबाई मधे पडल्या, "एकदा परत बघ की गं."

"परत कशाला? पुरावा समोर आहे!"

तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. "दाजी, चला की! काहील चढलीया!"

हे टोपी घालून तयार होते. ती त्यांनी काढली आणि खुंटीला अडकवली. "मी नाही येत, अण्णा."

"का ओ?"

"नापास झालो."

आणि मी काय केलं? मी गेले! भावाचं मन कसं मोडायचं?

गुऱ्हाळात वाफा उसळत होत्या. मी काहिलीशेजारी, अगदी ह्यांच्या जागेवर बसले आणि वाटी तोंडाला लावली. अण्णा म्हणाला, "आक्का, गेल्या टायमाची बाटली आणलीस न्हवं? भरून देतो." (आमच्यात रीतच होती. रिकामी बाटली परत द्यायची, भरलेली न्यायची.)

"ती व्हय? ती सकाळीच ह्यांना..."

वाटी ओठाशीच राहिली. काकवी गरम होती आणि मी गार पडले.

"काय झालं गं?"

"अण्णा, जीप काढ."

"आत्ताच तर आलीस!"

"काढ की रे मेल्या!"

घरी आले तर हे पडवीत बसलेले. हातात त्या बाटलीचं बूच. डोळे मिटून त्याचा वास घेत होते.

"शिरोळ," हे म्हणाले. "मळीची जमीन, कृष्णेचं पाणी. अण्णा, काहील उतरवायला जरा उशीर झाला तुला." मग एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. "भाकरीबरोबर कशी लागली?"

सासूबाईंनी पदरात तोंड खुपसलं. त्यांचे खांदे तेवढे हलत होते!

मी स्वच्छ पेल्यात पुन्हा नमुना घेतला, नळी उकळली. निळी! इतकी निळी, की रंकाळ्यानं लाजावं. मी ओरडले, "चला! जीप दारात आहे!"

अण्णानं मान खाली घातली. "काहील उतरली आसंल, आक्का. खालचं चुलवाण इझलं आसंल आतापत्तोर."

आणि मी शहाणी! घाईत काकवीचा थेंबही आणला नव्हता. ओठाला लावलेली वाटीसुद्धा तिथंच ठेवून आले होते.

"असू दे," हे म्हणाले. "पुढच्या साली." आणि उठून कॅलेंडरवर आठवी टिकली काढून आले. रागावले असते तर बरं झालं असतं. ती टिकली मला वर्षभर टोचली.

पुढच्या साली गेलो. हे आपल्या जागेवर बसले, अर्धी वाटी प्याले आणि उरलेली माझ्यापुढं धरली. "घे. लपून खाल्ल्यापेक्षा बरी लागते का बघ."

लागली. तशी परत कधी लागली नाही.

आता ह्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. अण्णाचा ऊस कारखान्याला जातो, काहील गोठ्यामागं पालथी पडलीय. ते बूच मी जपून ठेवलंय. अधूनमधून नाकाशी धरते. वास कधीच उडालाय. पण माझं नाक कुठं पारख्याचं आहे? ह्यांना अजूनही शिरोळ सापडलं असतं.

मध्यंतरी डॉक्टर मला म्हणाले, "आजी, साखर काठावर आहे." घरातली सत्ता सुनेकडं गेली. परवा तिच्या यंत्रात आकडा वर चढला.

"आई, काय खाल्लंत?"

"काही नाही गं," मी म्हणाले. "बाटली नीट धुतली नसशील."

तिनं सुई दाखवली. हल्ली बोटातनं रक्त काढतात. दोष द्यायला माझ्याशिवाय दुसरं भांडंच उरलं नाही!